चौतीसचं माप

५ फेब्रुवारी

कापलं एकदाचं! निळं कापड, मागे चेन, गुडघ्याखाली जाणारा ड्रेस. एक तारखेला कामावर परत रुजू व्हायचं, तेही स्वतः शिवलेला ड्रेस घालून. ऑपरेशन झाल्यापासून तीन महिने गाऊनमध्ये घरभर फिरतेय, जीव विटलाय. डॉक्टरांची एकच अट – वजन टिकलं पाहिजे. उतरलं तर पुन्हा उपचार, कामबिम विसरा.

माप आईने घेतलं. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली बाई, तिच्यापुढे मी काय बोलणार? "छाती चौतीस," म्हणाली. म्हणजे गेल्या वर्षीएवढीच. फार बरं वाटलं.

८ फेब्रुवारी

डावी बाही उजवीकडे जोडली. हात पुढे केला की मुंढा काचतो. सगळं उसवलं. अक्कल आली – बाहीला पुढची बाजू असते, तिथे आधी खडूने खूण करायची.

९ फेब्रुवारी

आज नवीनच. खांदे घसरतायत, गळा लोंबतोय. दोन इंच सैल ठेवला होता, हा तर चार इंच सैल! आई म्हणाली, "कापताना कापड सरकलं असेल. हात बसायला वेळ लागतो." मी म्हटलं, थांब, स्वतःच माप घेते. तिने टेप काढूनच घेतला. "आपलं आपण घेतलं की टेप पाठीवर घसरतो, माप तिरकं येतं." पुन्हा तिनेच घेतलं. चौतीस.

मग चूक माझ्या कात्रीचीच. दिवसभर धुसफुसत होते.

१२ फेब्रुवारी

झकास बसला! मी कमरेला दोन टक्स घेतले, एवढंच. छातीवरही फरक पडला? आई म्हणाली, "पडतो ना. शिकलीस की." कौतुक पदरात पाडून घेतलं. हिशेब मात्र जुळत नाही.

१३ फेब्रुवारी

वजनकाटा घरात नाही. आई म्हणते, शेजारच्या काकूंनी नेलाय. काकूंना विचारलं. त्यांनी आधी आईकडे बघितलं, मग म्हणाल्या, "हो, हो, माझ्याकडेच आहे." परत देण्याचं नाव नाही. दुसऱ्याचा वजनकाटा कुणी कशाला नेईल?

१७ फेब्रुवारी

सकाळी घातला तर पुन्हा सैल. खुर्चीवर टाकून दिला. दुपारच्या गोळीने दोन तास मेल्यासारखी झोपते. उठल्यावर आई म्हणाली, "आता घालून बघ." बसला! "इस्त्री फिरवली, कापड आटलं," म्हणाली. बाजूला इस्त्री होती खरी. हात लावला तर थंडगार.

 

२० फेब्रुवारी

आई जेवताना माझ्याकडे बघत नाही.

२४ फेब्रुवारी

कडांचे दोरे सुटू नयेत म्हणून त्या शिवायला ड्रेस उलटा केला. दोन्ही बाजूंना शिलाईच्या आत मी बोटभर कापड सोडलं होतं, नक्की बोटभर, पट्टी धरून. आता तिथे तीन-तीन बोटं कापड आत दाबलेलं. माझी मशिनची शिलाई तशीच होती, आणि तिच्या आत हाताने घातलेली उलटी टीप – इतकी बारीक की मशिनचीच वाटावी. एक नाही, दोन रांगा. एकदा घेतलं, मग आणखी घेतलं.

मशिनचा आवाज होऊ नये म्हणून हाताने. मी झोपलेली असताना.

म्हणजे माझं कापणं चुकलं नव्हतं. खांदे, गळा, सगळं चौतीसचंच होतं. मीच चौतीसची नव्हते. बहुतेक पहिल्या दिवशीही नव्हते.

आईचा भयंकर राग आला. त्याहून जास्त भीती वाटतेय.

२५ फेब्रुवारी

दुपारची गोळी घेतली नाही. आरशापुढे जाऊन उभी राहिले, टेप आईच्या हातात दिला. म्हटलं, "घे माप. आज आकडा मी पण बघणार आहे."

तिने टेप लावला. बराच वेळ धरून ठेवला.

"एकतीस," म्हणाली. मग तिथेच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "डॉक्टरांशी बोलल्यावर तुझ्या ऑफिसात मी गेल्या महिन्यातच कळवलंय, तू आता परत येणार नाहीस म्हणून."