माणिकमामांची नऊ मिनिटं

मुलुंड (पूर्व),
रविवार दुपार

तीर्थस्वरूप माणिकमामांना, खांदा धरल्यामुळे अर्ध्यावरच वाकून, साष्टांग नमस्कार.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं आईकडून कळलं. आता बोरीवलीच्या गच्चीवरून नॅशनल पार्कातली झाडं स्पष्ट दिसत असतील, तर दिवसभर तीच बघा, मोबाइल बघू नका. मामीचे गुडघे कसे आहेत? आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे घरचे बरे आहेत आणि मी दमलोय. खरं तर फोनच करणार होतो, पण मामी तुमचा फोन स्पीकरवर ठेवते आणि मला जे सांगायचंय ते तिच्यासमोर बोलवत नाही.

तर मामा, तुमचा सर्व्हर गेला. तुम्ही निवृत्त होताना मला तुमच्या जागी चिकटवलंत आणि एकच मंत्र दिलात की याला काही करायचं नाही, फक्त बंद करायचा नाही. चार वर्षं मी मंत्र पाळला. रोज सकाळी मामीच्या जुन्या साडीचं तुम्ही शिवून घेतलेलं ते आवरण उचलायचं, हिरवा दिवा दिसला की परत झाकायचं. (या कामाचा मला पगार मिळतो हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.) पण दोन महिन्यांपूर्वी आपल्याकडून बाटल्यांची बुचं घेणाऱ्या औषध कंपनीचा माणूस तपासणीला आला. त्याने आवरण उचललं आणि चेहरा असा केला की मलाच आतून कुबट वास आल्यासारखं झालं. या सिस्टिमची देखभाल करणं ती बनवणाऱ्यांनीही कधीच सोडून दिलंय, कुणीही चोर बाहेरून येऊन आत बसू शकतो, महिन्याभरात बदला नाहीतर ऑर्डर विसरा, असं तो शेठना सांगून गेला. शेठ माझ्याकडे बघत राहिले. मी साडीकडे बघत राहिलो.

नवा सर्व्हर आला. एका रविवारी सकाळी सातला ऑफिस उघडून मी एकटाच कामाला लागलो. तुमच्या वहीत कुठली वायर कुठे जाते ते नंबराने लिहिलेलं असेल असं वाटलं होतं. तुम्ही माणसांची नावं लिहून ठेवली होती, त्यातली तिघं कंपनी सोडून गेलीत आणि एक जग. फायली नव्या मशीनवर जायला सुरुवात झाली, तेव्हा पडद्यावर चाळीस मिनिटं बाकी असं आलं; मी जेवून आलो तेव्हा सहा तास बाकी होते. मग डिस्पॅचच्या प्रिंटरने नव्या सर्व्हरला ओळखच दाखवली नाही, अगदी लग्नात रुसलेल्या आत्यासारखी, आणि तुमचा जुना डबा उचलून खाली ठेवताना माझा खांदा गेला. पण सोमवारी सकाळी सगळं चालू होतं, मामा. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. पहिला आठवडा ते टिकलं.

जुन्या सर्व्हरचं घड्याळ नऊ मिनिटं मागे होतं हे मी पहिल्यापासून बघत होतो. मला वाटलं, आतला सेल उतरलाय. नवा सर्व्हर इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो आणि दारावरचं हजेरीचं मशीन सर्व्हरला विचारतं, म्हणजे पहिल्यांदाच आपल्या ऑफिसात बरोबर वेळ आली. मी ते सगळ्यांना अभिमानाने सांगतही सुटलो. त्या दिवसापासून मला कुणी चहाला विचारत नाही.

महिन्याचा तक्ता निघाला. चाळीसपैकी एकतीस माणसं उशिरा. शेठ हादरले. चौदा वर्षं जिथे कुणी उशिरा येत नव्हतं (तुमच्या निरोपसमारंभाचा, वक्तशीर ऑफिसबद्दल शाल दिलेला फोटो त्यांच्या केबिनमध्ये अजून आहे), तिथे एका महिन्यात हे कसं? त्यांचं एकच म्हणणं, मशीन खराब आहे, सर्वेशने काहीतरी घोळ घातलाय. सोमवारपर्यंत लेखी खुलासा मागितलाय.

मग पॅकिंगच्या रत्नप्रभाबाई माझ्या टेबलाशी आल्या. मी त्यांना सेलबद्दल समजावू लागलो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "सेल नव्हता तो, सर्वेश. तुझ्या मामांनी माझ्यासाठी मागे ठेवलेलं."

अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं आवरून त्या मनोरीहून निघतात, फेरीबोट भरल्याशिवाय सुटत नाही, मार्व्याला बस मिळाली तरी अंधेरीला आपल्या साडेनऊच्या ऑफिसात पोचायला नऊ एकोणचाळीस होतातच. तुम्ही महिनाभर त्यांची वेळ टिपून घेतली होतीत म्हणे. तीन लेटमार्कांना अर्धी रजा. त्यांची वर्षाची उरलेली रजा या एका महिन्यात संपत आली. आता नोकरी सोडते म्हणाल्या. एच.आर.च्या मृणालिनी मॅडमकडे मी त्यांच्यापुरती सवलत मागितली. एकीला दिली की एकोणचाळीस अर्ज येतील, असं त्या म्हणाल्या, आणि ते खोटंही नाही.

मामा, स्पष्ट लिहितो, मला तुमचा राग आलाय. घड्याळ मागे ठेवून कुणाचं भलं करायचं ही पद्धत झाली का? शेठना तोंडावर सांगायचं होतंत. संध्याकाळीही सगळे नऊ मिनिटं उशिराच सुटत होते, कुणी मिनिटभरसुद्धा चोरलं नाही, हे मला कळतंय. पण नियम तो नियम. उद्या मी शेठना खरं काय ते लिहून देणार आहे. त्यात तुमचं नाव येईल. आधीच क्षमा मागतो. मामीला नमस्कार, आणि डोळ्यात औषध वेळच्या वेळी घाला.

तुमचा दमलेला भाचा,
सर्वेश

ता. क. – पत्र बॅगेतच राहिलं, आज मंगळवार आहे. काल खुलासा घेऊन केबिनशी गेलो, तर रत्नप्रभाबाई राजीनामा हातात घेऊन माझ्या आधी उभ्या होत्या. मी त्यांना बाजूला बसवलं, माझा कागद फाडला आणि नवा लिहून दिला की सर्व्हर बसवताना माझ्या हातून चूक झाली, घड्याळ पुढे पळतंय. शेठनी महिन्याचे सगळे लेटमार्क रद्द केले, मला यथेच्छ झापलं आणि मामाला विचारून दुरुस्त कर म्हणाले. म्हणून विचारतो. मी घड्याळ मागे केलं की हा सर्व्हर तासाभरात स्वतःला सुधारून घेतो, आणि इंटरनेटला वेळ विचारणं बंद केलं की वेळ जुळत नाही म्हणून बँकेचं पान उघडत नाही. तुम्ही इतकी वर्षं कसं जमवलंत ते सविस्तर लिहा. फोन नको.

ता. क. २ – नऊऐवजी चौदा मिनिटं करता आली तर बघा. रत्नप्रभाबाईंना नऊ पुरतात, पण खांदा धरल्यापासून मला पुरत नाहीत, आणि त्या एकतीस जणांच्या यादीत पहिलं नाव माझं होतं.