श्रावणातली पेंढी

ब्रह्मपुरी,
८ ऑगस्ट १९९७

चि. सुरेंद्र,
अनेक आशीर्वाद.

तू आणि रीता सिरोंच्यात बरे असाल. एकवीस वर्षांनी ताईचं अक्षर बघून घाबरू नकोस, मी जिवंत आहे. पेन्शन वेळेवर येते, गुडघे ऐकत नाहीत. इकडे धानाची रोवणी आटोपली.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होताहेत आणि गावाला एकदम आपले बाबा आठवलेत. बाबांच्या जुन्या पक्षाचे गुणवंतराव म्हणतात, "डोमाजी आमचेच जी." पलीकडच्या पक्षाचा अजय म्हणतो, "त्याहीचा पोरगा आणीबाणीत जेलात गेला, म्हणून ते आमचे." माणूस एक, त्याच्या नावाच्या स्वागतकमानी दोन.

मी दोघांपुढे तीस सालचा विळा ठेवला. इंग्रजांच्या राखीव जंगलातलं गवत याच विळ्याने कापून बाबा तुरुंगात गेले, हे या विद्वानांना सांगावं लागलं! गुणवंतराव मागेच सरकले. "विळा नोको बाई, लाल झेंडेवाल्यांचा वाटते. टोपी असन तं द्या." अजयला फक्त फोटो हवा, तोही तरुणपणीचा. मी म्हटलं, टोपीच्या खाली डोकं होतं, ते कोण नेणार?

स्वराज्य आल्यावरही बाबा दर श्रावणात जंगलात जायचे, हे कुणालाच भाषणात नको आहे. ते गवत कापायचे, तू पेंढी बांधायचास. मग नाक्यावर मुखरू गार्डापुढे ती टाकायची.

"पकड मले, मुखरू."

"बसा भाऊ, च्या घ्या. आता तं आपलंच सरकार होय."

"म्हणूनच तं. त्याले सालातून एकदा आठवण द्या लागते."

तुला पकडून नेलं तेव्हा बाबा सरकारच्या बाजूने बोलले, हे खरं. पुढचं मी तुला जे सांगितलं, ते खोटं. खोटं बोललीस तर गुडघे टेक, असं कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या. आता टेकतही नाहीत.

बाबांनी शेवटपर्यंत तुझं नाव काढलं नाही, असं मी म्हणाले होते. शेवटचे तीन दिवस ते तुझंच नाव घेत होते. "सुरेनले तार कर, बाई." मी पोस्टात गेले. फॉर्मवर तुरुंगाचा पत्ता लिहिला. खाली माझं नाव लिहायचं होतं. माझी सरकारी शाळेतली नोकरी, आणि तू सरकारचा कैदी. फॉर्म पर्समध्ये घातला आणि घरी येऊन म्हणाले, केली तार.

ते दाराकडे बघत गेले.

दोन्ही पक्षांना मी हाकललं. काल एकटीच विळा घेऊन जंगलाच्या कडेला गेले. गवत कापलं, पण पेंढी काही बांधता येईना. एकाने आवळून धरावं लागतं, दुसऱ्याने गाठ मारावी लागते. सगळं तिथेच सांडून आले.

श्रावण अजून तीन आठवडे आहे. हे पत्र नको समजूस, तीच तार समज: बाबा बोलावतात, निघून ये.

या वेळी खाली नाव लिहिते आहे.

मीरा डोमाजी दोनाडकर