जांभळ्या कडेचा घेवडा

रविवार, जेवणं उरकल्यावर

धाकटे,

आधी आली ती चष्मेवाली. चपला काढायच्या आतच विचारते, फवारणी करता का आजी? मागून दुकानाची मालकीण, धापा टाकत. आमच्या कोपऱ्यावर सेंद्रिय भाजीचं नवं दुकान निघालंय, जवळपास पिकलेलंच विकतात. सुनेनं माझ्या घेवड्याच्या शेंगा तिथं दाखवल्या, म्हणून मालकीण आणि तिची माल पारखणारी ही चष्मेवाली, दोघी परसात बघायला आल्या. मी बरी आहे, गुडघा आहे तसाच. तू बरी असशील.

मी सकाळीच भोकं पडलेली पानं खुडून टोपलीखाली दडवली होती. पाहुण्यांपुढं शोभा नको. तर चष्मेवालीनं नेमकी टोपली उचलली आणि एकेक पान उन्हात धरून बघत बसली, जशी काही जरीची साडीच. म्हणे, किडे खातात म्हणजे विष नाही. घ्या, जन्मभर त्या किड्यांना शिव्या घातल्या मी. मग तिनं मातीचा वास घेतला, थोडी पिशवीत भरली, शेंग न धुता खाल्ली. त्या वळल्यावर मीही माती हुंगली. या वयात. चांगली लागते गं नाकाला.

मग कागद निघाला. माती कुठली, पाणी कुठलं, सगळं सांगितलं. बी कुठलं? मी चहाचं विचारलं. सुनेच्या दाढेचं सांगितलं. मालकीण हसत ऐकत होती, पण पेन काही खाली ठेवीना. बी कुणाचं ते शेंगांवरच्या पाटीवर लिहितात म्हणे.

शेवटी म्हटलं, "धाकट्या बहिणीचं. न विचारता आणलंय."

तेव्हा कुठं मालकिणीनं पेन खाली ठेवलं.

तर ते असं. तुझ्या फळीवरची बियांची डबी मीच उचलली, आपलं भांडण झालं त्याच दिवशी. मागितली असती तर दिली असतीस, पण मागायला जीभ वळेना. तुझ्या सुनेनंच ती केरात टाकली असं समजून तू तिला बोललीस, हेही मला कळलं होतं. अकरा वर्षं गप्प बसले. आधी तिला सांग, मग माझ्यावर रागाव.

बहिणीनं हो म्हटलं तरच शेंगा घेऊ, असं मालकीण म्हणाली. मला हवंय गं ते. पाटीवर वर तुझं नाव, खाली माझं. नाही म्हणायचं असेल तरी फोन कर, निदान आवाज ऐकेन. सोबत मूठभर बी घातलंय. डबी गंजली.

अक्षर लावून वाच.

तुझी, अजून म्हणवत असेल तर,
ताई

त्या दोघी पुढच्या गुरुवारी तुझं उत्तर विचारायला येतो म्हणाल्यात, सकाळी दहाला.