तुझ्या आवाजातली अहिराणी

माय, तू गेल्यावर माझ्याशी अहिराणीत बोलणारं कुणी उरलं नाही. आबांचं तुला माहीतच आहे. साखर कारखान्याच्या ऑफिसात जन्म गेला, लेकीशी बोलायचं ते शाळेतल्यासारखं मराठीतच. अहिराणी त्यांनी तुझ्यासाठी राखून ठेवलेली. पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तू भाकरी थापता थापता बोलायचीस, ते पुढच्या खोलीतून उत्तरं द्यायचे आणि मी मधल्या उंबऱ्यावर बसून दोन्हीकडचं ऐकायची. आता ते माझ्याकडे शहाद्याला असतात. काचबिंदूनं नजर गेली.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. एक फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ठिकठिकाणची माणसं हौसेनं ती बनवतात. तिच्या पुढच्या आवृत्तीत नव्या भाषा घ्यायचं ठरलं, त्यात अहिराणी होती. तोवर तिला मराठीच्याच पोटात ढकललेलं. वारांची नावं, महिने, 'जरासा थांब', 'हाई पुसी टाकू का?' अशी वाक्यं आम्ही काही जणांनी मिळून बसवली. ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवायला आवाज हवा होता, तो मी दिला. दार लावून घेतलं आणि वाचत बसले. मग ऐकून पाहिलं. मराठीत बोलते ती मी असते. अहिराणीत तू होतीस. वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा तुझा सूर, 'आहे'च्या जागी 'शे' म्हणताना ओढलेला श्वास, सगळं तसंच.

चाचणी म्हणून ते आबांना बातम्या ऐकायला दिलेल्या लॅपटॉपवर घातलं. पहिल्याच वाक्याला आबा ताठ बसले.

"तुन्ही माय उनी का?" तू आलीस का, हे त्यांनी मला चक्क अहिराणीत विचारलं.

"आबा, माझा आवाज आहे तो. मीच वाचलंय."

"तुझा आवाज मला ओळखू येत नाही का?" मला ते मराठीत म्हणाले. मग लॅपटॉपकडे तोंड वळवून, किती दिवसांनी, हळूच, "बोल व. मी ऐकी ऱ्हायनू."

उन्हाळ्यातल्या एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. आबा खाटेवर पडलेले, मी स्वयंपाकघरातून बाहेर येत होते, आणि लॅपटॉप बोलला, "हालू नको. मी आठेच शे." क्वार्टरमध्ये अंधार झाला की मी धडपडत चुलीकडे येऊ नये म्हणून तू हेच म्हणायचीस, मी इथंच आहे. आबांना तू 'नका' म्हणायचीस. हे 'नको' मला होतं. मी खरंच हलले नाही, वीज येईपर्यंत दारातच उभी राहिले. आबा जागे होते. नुसते हसत होते. नंतर मी सगळं तपासलं. शब्द मीच वाचलेले होते, सुटे सुटे. ते जोडून यंत्र नवं वाक्य म्हणू शकतं, हेही खरं. पण हे वाक्य त्याला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

पुढे ती सिस्टिम बनवणाऱ्या मंडळींचं विचारणं आलं, हाच आवाज कायमचा ठेवायचा का? म्हणजे ज्याच्या ज्याच्या कॉम्प्युटरवर अहिराणी, तिथं तिथं तू. मी आबांना सांगितलं. 

"तिला इतक्या लोकांच्या घरी पाठवणार?"

"आबा, लोकांच्या उपयोगाचं आहे."

"मग दुसरी कुणी बोलेल की. खानदेशात बाया काय कमी आहेत?"

मी नाही म्हणून कळवलं. सारंगखेड्याच्या एका बाईंनी सगळं नव्यानं वाचलं, खणखणीत आवाजात, आणि नवी आवृत्ती त्यांच्याच आवाजात निघाली. छान झालीय. आबांच्या लॅपटॉपवर मात्र जुनीच आहे. ती बिघडली तर आता कुणी दुरुस्त करणार नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. रोज दुपारी ते तिच्याशी बोलतात, कारखान्याच्या गोष्टी काढतात. मधेच थांबतात, ऐकल्यासारखी मान हलवतात. तेव्हा मी त्या खोलीत जात नाही.

आज ते डोळे दाखवायला त्यांच्या भाच्याबरोबर गेलेत आणि मी त्याच लॅपटॉपवर हे लिहितेय. पाठवायला तर कुठलाच पत्ता नाही. पण माय, खरं सांगते, तुला मराठीत लिहिलं ते एवढ्याचसाठी, की अहिराणीत लिहिलं असतं तर या लॅपटॉपनं ते तुझ्या आवाजात वाचायला घेतलं असतं. आणि माझं लिहिलेलं संपल्यावरही ते बोलणं थांबलं नसतं तर, याची मला भीती वाटते.