सात आणि आठ नंबरचे सेल

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून या घरात वापरून फेकायचा सेल येणार नाही. निर्णय पक्का. घड्याळ, रिमोट, टॉर्च, वजनकाटा, आईची घंटा, सगळं रिचार्जेबलवर. बारा सेल आणले, एक चार्जर आणला. चार्जरवर लाल दिवा म्हणजे सेल भरतोय, हिरवा म्हणजे भरला. यात चुकण्यासारखं काही नाही.

हिला सांगितलं. ही लॅबमध्ये जायला निघाली होती. दिवसभर लोकांचं रक्त तपासते, त्यामुळे घरातल्या कशानेच दचकत नाही. म्हणाली, बरं. एवढंच म्हणाली आणि चप्पल घातली.

एकोणतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. साधा खिळा दिला तरी चिठ्ठी घेऊन दिला. दमलो होतो म्हणून लवकर निवृत्ती घेतली. पण घरात शिस्त आणायची तर मलाच आणावी लागणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हे लिहून ठेवतो, म्हणजे महिन्याने कुणी फिरवाफिरवी करायला नको.

आई पडली त्याला चार महिने झाले. कंबरेचं हाड जुळलं, वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालते. पण उठवायला माणूस लागतो, बाथरूमला न्यायला लागतो. आवाज बारीक झालाय, शेजारच्या खोलीतही ऐकू येत नाही. ताईला वाटतं की हे मला झेपणार नाही. ताई मुख्याध्यापिका होती. रिटायर झाली हे शाळेला कळलंय, तिला अजून कळायचंय. ती म्हणाली, मी आईला माझ्याकडे नेते. मी म्हटलं, आई इथेच राहील. आईला विचारलं, तर तीही म्हणाली की मला इथेच बरं वाटतं. शेवटी ठरलं: ताई १ मार्चला येणार, नीट बघणार आणि मग ठरवणार.

म्हणून तर ती बिनवायरची घंटा आणली. बटण आईच्या उशाशी, घंटेचा डबा मी जाईन तिथे माझ्याजवळ. डब्यात दोन सेल. सगळा डोलारा त्या दोन सेलांवर उभा आहे, म्हणून सेलांत लक्ष घातलं. ही म्हणते, सेलांत कमी आणि आईत जास्त घाल. तिला यातलं तांत्रिक कळत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गॅलरीत टेबल मांडलं. प्रत्येक सेलला नंबर दिला, १ ते १२. स्टिकर जरा जाड निघाले. ३ नंबर रिमोटमध्ये अडकून बसला. चमच्याने काढताना रिमोटचं झाकण मोडलं. आता रबरबँड लावलाय. झाकण नसल्यामुळे सेल तपासायला उलट सोपं झालं.

वहीत रकाने आखले: सेल नंबर, वस्तू, चार्ज तारीख, शेरा. घंटेसाठी वेगळा रकाना, दिवसात किती वेळा वाजली त्याचा. घंटेत सध्या जुने साधे सेल आहेत, ते संपेपर्यंत ठेवायचे.

आज घंटा: ११. पाणी दोनदा. पंखा कमी. पंखा जास्त. बाथरूम चारदा. चष्मा (डोळ्यांवरच होता). खिडकी. आणि एकदा नुसतंच. गेलो तर म्हणाली, काही नाही रे, आहेस ना बघितलं. गुडघे बोलायला लागलेत माझे.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल साप्ताहिक तपासणी केली. सगळ्या वस्तूंतले सेल काढून मीटरवर लावले, आकडे उतरवले, पुन्हा घातले. चाळीस मिनिटं लागली.

आज हिची बस चुकली. भिंतीवरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे. मी शांतपणे समजावलं, की घड्याळ बिघडलेलं नाही, त्यातून फक्त तपासणीचा वेळ वजा झालाय. ही काही बोलली नाही. तिची न बोलण्याची पद्धत अशी आहे, की बोललेली परवडली.

घंटा: ९.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चिठ्ठी पद्धत सुरू. जुना सेल जमा करायचा, चिठ्ठी लिहायची, नवा न्यायचा. तोंडी मागणी बंद. हिने वजनकाट्यासाठी चिठ्ठी दिली: 'वजनकाटा. दोन. कृपा व्हावी. ताटकळलेली पत्नी.' टोमणा असावा. पण नमुना बरोबर आहे, फाईल केली.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज मुख्य मुद्दा. सेल अर्धा असताना चार्जरला लावायचा नाही. आधी पार रिकामा करायचा, मग काठोकाठ भरायचा. नाहीतर त्याला अर्धवटाचीच सवय लागते. आमच्या फोरमनने पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं, अजून लक्षात आहे.

चार्जरच्या दुकानात हे बोललो, तर दुकानदार म्हणाला, काका, ते जुन्या सेलांचं होतं. हे सेल असे पार रिकामे केले की मरतात. थोडे उतरले की लावायचे. दुकानदाराचं वय पंचवीसच्या आत. फोरमन बोलत होता तेव्हा हा जन्मला तरी होता का.

७ आणि ८ टॉर्चमध्ये घातले, टॉर्च चालू करून कपाटात ठेवला. दोन तासांत रिकामे होतील.

घंटा: १०. पाठ धरलीय.

१५ फेब्रुवारी, रविवार

टॉर्च विसरलो. चार दिवस कपाटात चालू होता. म्हणजे तो विझला कधीच, बटण चालू राहिलं. नुकसान काही नाही. उलट ७ आणि ८ इतके रिकामे आजवर कुठलेच झाले नसतील. पाया भक्कम झाला.

संध्याकाळी चार्जरला लावले. नवल आहे. बाकीच्या सेलांना चार-पाच तास लागतात, हे दोघं दहा मिनिटांत हिरवे. फोरमन खरा माणूस होता. ही जोडी हुशार निघाली. घंटेला हीच द्यायची.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

घंटेत ७ आणि ८ घातले. साधे सेल कचऱ्यात टाकले, एक पर्व संपलं. घंटा साप्ताहिक तपासणीतून वगळली, तिचं घड्याळासारखं व्हायला नको. आईला बटण दाबायला सांगितलं. वाजली. आवाज जरा बारीक वाटला, पण ती घंटा आहे, भोंगा नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

घंटा: ०.

दोनदा तपासलं, शून्यच. जेवण आणि गोळ्या मी वेळेवर दिल्याच, पण मधे एकदाही हाक नाही. आई सुधारतेय. दुपारी गॅलरीत बसून निवांत आकडे उतरवले. किती दिवसांनी सलग दोन तास बसलो.

फक्त एक त्रास. दुपारी कुणीतरी ठकठक करतं. तीन ठोके, थांबतं, परत तीन. खालच्या मजल्यावरचं असणार. तिथे टेलरबाई राहतात, कापडं कापायच्या टेबलावर काहीतरी आपटत असतील.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

घंटा: ०. ठकठक: पाच वेळा.

टेलरबाई वर आल्या होत्या. आईसाठी दार दिवसा लोटलेलंच असतं, त्या सरळ तिच्या खोलीत गेल्या. बाहेर येताना मी विचारलं, काय काम होतं. सहज आले म्हणाल्या. गळ्यात टेप तशीच होती. शिवणकाम टाकून लोक सहज कसे येतात कळत नाही. वेळ फार असतो लोकांना.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घंटा: ०. टेलरबाई आज तीनदा. एकदा आईला धरून बाथरूमकडे नेताना दिसल्या. मी उठणार होतो, पण मीटर लावलेला होता, मधेच सोडला असता तर आकडा गेला असता. शिवाय आईलाही जरा बाईमाणसाची सोबत.

जेवताना आई म्हणाली, अरे, ती घंटा. मी म्हटलं, बघ ना, पाच दिवसांत एकदाही चार्ज करावी लागली नाही. आणि वही उघडून दाखवली. तिने चष्मा लावून पान बघितलं. रकान्यातली शून्यं बघितली. मग म्हणाली, छान अक्षर आहे तुझं.

शाळेत असतानाही ती असंच म्हणायची. बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ठकठक असह्य. आज एकूण आठ वेळा. एकाग्रता म्हणून राहत नाही. बिल्डिंगच्या सेक्रेटरीच्या नावे तक्रार लिहिली आणि जिन्याखालच्या फळ्यावर लावली: 'दुपारच्या वेळी ठोकाठोकी करणाऱ्यांनी घरात आजारी, वृद्ध व्यक्ती असतात याचं भान ठेवावं.' नाव घेतलं नाही, मी सभ्य माणूस आहे.

येताना जिन्यात टेलरबाई भेटल्या. त्यांनी ते वाचलं. दोन वेळा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं आणि वर गेल्या. म्हणजे आमच्याच घरी. लागलं असावं मनाला.

हिला संध्याकाळी सांगितलं. ही म्हणाली, आई दिवसात एकदाही घंटा वाजवत नाहीत हे तुला विचित्र नाही वाटत? मी म्हटलं, प्रगती झाली की ती आधी विचित्रच वाटते. ती दमून आली होती, स्वयंपाकघरात गेली. मीही दमलो होतो.

२८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या ताई. सगळी तयारी झाली. वहीला कव्हर घातलं. एक पान सुंदर अक्षरात वेगळं काढलं: घंटा पूर्वी रोज नऊ ते अकरा वेळा, आता शून्य. ७ आणि ८ नंबर, अकरा दिवस, एकदाही चार्ज नाही. घरातला विक्रम. बाकीच्या दहांपैकी चार सेल गरम होऊन फुगले, त्यांचं पान मागे ठेवलंय.

ताईने मान्य करायलाच हवं. उद्यानंतर हा विषय कायमचा बंद.

१ मार्च, रविवार

ताई अकराला आली. वही दिली. तिने सगळी पानं वाचली, हातात लाल पेन असल्यासारखी. मग म्हणाली, आईला घंटा वाजवू दे एकदा.

मी म्हटलं, अवश्य. डबा तिच्या हातात दिला. आईने बटण दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत दाबलं. ताई डब्याकडे बघत होती, ही माझ्याकडे. मी म्हटलं, सेल नीट बसले नसतील, आणि झाकण उघडलं. दोघं नीट बसलेले होते, नंबर वर करून. मीटर आणला. सुई हलली नाही.

इतक्यात आईने, मला वाटतं सवयीनेच, पलंगाशी टेकवलेली जुनी काठी उचलली. आमच्याकडे न बघता जमिनीवर तीन ठोके दिले.

जिन्यात पावलं वाजली. टेलरबाई आत आल्या, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या काढून म्हणाल्या, काय हवंय आई, पाणी की बाथरूम? मग खोलीतली माणसं बघून एक पाऊल मागे सरकल्या.

ताईने त्यांना विचारलं, हे कधीपासून. त्या म्हणाल्या, दहा-बारा दिवस झाले. मला आधी वाटलं, तुमचे भाऊ दुपारी बाहेर जातात. मग दिसले गॅलरीत. आई म्हणाल्या, त्याला सांगू नका, तो कामात आहे.

मी आईला म्हटलं, मला हाक का नाही मारलीस. ती म्हणाली, मारली रे, तुला ऐकू जात नव्हती. मग घंटेचं सांगणार होते, पण तू इतक्या खुशीत लिहीत होतास. रिटायर झाल्यापासून तुला असं बघितलं नव्हतं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

बाहेर आलो तर ही आईची बॅग भरत होती. ताईने वही बंद करून टेबलावर नीट ठेवली. आई म्हणाली, चार दिवस जाऊन येते. किती दिवस, ते ताईने सांगितलं नाही. गाडीत बसताना आईने माझा हात धरला आणि म्हणाली, जेवत जा वेळेवर.

४ मार्च, बुधवार

बाराही सेल दुकानात परत नेले. दुकानदाराने ७ आणि ८ हातात घेतले आणि विचारलं, पार रिकामे केले होते का काका? मी म्हटलं, नाही. मरून पडलेले सेल चार्जरवर लगेच हिरवे दाखवतात म्हणाला. मी म्हटलं, असं का.

साधे सेल आणले. दुपारी घंटेत घातले. डबा गॅलरीत ठेवला, आईच्या पलंगावर जाऊन बसलो आणि बटण दाबलं. काय खणखणीत वाजली. वाजून थांबली. घरात कुणीच नव्हतं, ही लॅबमध्ये.

काठी पलंगाशीच राहिलीय. थोडा वेळ तिच्याकडे बघत बसलो. का ते माहीत नाही, पण उचलली आणि तीन ठोके दिले. हळूच दिले.

टेलरबाई वर आल्या. दारात मला बघून थांबल्या. म्हणाल्या, फळ्यावर तुमचा कागद अजून आहे. मी म्हटलं, काढतो. त्यांनी विचारलं, काय हवंय. मला सांगता येईना. त्या आत जाऊन पाणी घेऊन आल्या, पेला माझ्या हातात दिला आणि खाली गेल्या.

पाणी प्यालो. वही उघडली. घंटा: १. काठी: १. पाण्याला रकाना नव्हता.