तिसऱ्या वळणावरची काटी

७ ऑगस्ट १९९४, रविवार

टेकडीवर परत पाणी वाटेवरूनच वाहिलं! सांगून सांगून माझं तोंड दुखलं. उतारावर चर सरळ काढायची नसते, तिरकी काढायची. म्हणजे पाणी वाट सोडून कडेनं खाली जातं. सरळ काढली की पाणी वाटच खातं. एवढं साधं. पण ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्यांना कळत नाही.

कमळाकर, आमचा म्होरक्या, आज फूटपट्टी घेऊन आला होता. फूटपट्टी! "मावशी, कोन किती ठेवायचा?" मी म्हणलं, कोन ठेव घरी. पाणी कुठं जातंय ते बघ आणि तिथं फावडं मार.

हसला. हा माणूस कधी रागावत नाही. भांडायला मजा येत नाही त्याच्याशी.

नऊजण होते. चिखल काढला, दोन चरी नवीन केल्या. घरी येऊन भाकऱ्या टाकल्या.

९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस. काही नाही.

१४ ऑगस्ट, रविवार

मालक सकाळी म्हणाले, "लोकाची वाट नीट करायला जातीस, घरचा नळ गळतोय तो बघ." मी म्हणलं, नळ तुमी बघा. तुमाला रविवारी मार्केट बंद. म्हणाले, "सहा दिवस पाठीवर गोणी वाहतो मी." मग वाहा. मी काय वाहू नका म्हणले?

मग म्हणाले, "ती पोरंसोरं सायकलीवर बसून खाली सुटणार, आणि तू फावडं मारणार. तुला काय मिळतं त्यातनं?"

काही नाही मिळत. खरंच नाही. डॉक्टरनं साखरेसाठी चालायला सांगितलं म्हणून मागच्या पावसाळ्यात रस्ता ओलांडून टेकडीवर जायला लागले. तिथं ही माणसं जाड टायरच्या गिअरच्या सायकलींसाठी वाट करत होती. वाटेच्या कडेला दगडाची ताल रचत होती. बारीक दगड खाली, मोठा वर! मला बघवेना. सगळी उतरवली आणि परत रचली. मोठा दगड तळाला, त्याचं तोंड डोंगराकडं. जावळीत माझा बाप असाच बांध घालायचा. अजून ती ताल हललेली नाही.

तेव्हापासून दर रविवारी जाते. आमच्याकडं अशा कामाला इर्जिक म्हणतात. पण इर्जिकीत शेतवाला जेवण घालतो. इथं पार्ले बिस्कीट.

२१ ऑगस्ट, रविवार

हसनला एकदाच सांगावं लागतं. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान सानपाड्याला आहे. गाव उरणकडं, बापाची भाताची खाचरं होती, म्हणून बांध, चर, पाणी सगळं कळतं. हात चांगला आहे. दगड बघितला की कुठला कुठं बसेल ते त्याला दिसतं. असं शिकवून येत नाही.

आज म्हणाला, "मावशी, एकदा बसा सायकलवर. ब्रेक मी धरतो." मी म्हणलं, मी बसले तर सायकलच बसंल. सगळे हसले. त्याची बायको सकिना डब्यात खिमा-पाव घेऊन आली होती. मी खात नाही. पाव खाल्ला. सकिना म्हणाली, "मावशी, तुमच्यासाठी पुढच्या वेळी अंडी." बरी आहे बाई. कमी बोलते.

गेल्या वर्षी जानेवारीत दंगल झाली तेव्हा हसननं दोन महिने दुकान बंद ठेवलं होतं. तेव्हा ओळख नव्हती, पण जाता-येता दिसायचं. उघडलं तेव्हा पाटी नवीन. आधी वर त्याचं नाव होतं. आता नुसतं ‘सायकल रिपेअर’. मी विचारलं नाही. तो बोलला नाही.

४ सप्टेंबर, रविवार

तिसऱ्या वळणाची ताल पुरी झाली. सगळ्यात अवघड जागा. वाट वळते तिथंच डोंगर तुटलेला, खाली दोन पुरुष खोल. हसन आणि मी आतून, बाकीचे दगड आणून देणार. सहा तास. पाठ मोडली.

कमळाकरनं शिट्टी वाजवून सांगितलं, २ ऑक्टोबरला शर्यत. मुंबईचे, पुण्याचे चाळीस सायकलवाले येणार. टेकडी ज्यांच्या ताब्यात आहे ते साहेब पण बघायला येणार. शर्यत नीट झाली तर वाट ठेवतील. नाहीतर खाली तारेचं कुंपण घालून बंद. वर्षभराचं काम गेलं.

मी म्हणलं, एवढ्यात नको. परतीचा पाऊस पडू दे, ताल बसू दे. दिवाळीनंतर घ्या. कमळाकर म्हणाला, "मावशी, साहेबांची तारीख मिळालीय." साहेबाची तारीख पावसाला कोण सांगणार?

१८ सप्टेंबर, रविवार

पायथ्याला पाटी लावली. पिवळी, काळ्या अक्षरांची. राजलक्ष्मीनं रंगवली, ती आमच्यातली एकच शिकणारी पोरगी. अक्षर छान आहे तिचं. ‘ही वाट श्रमदानातून’, आणि खाली नावं. मी वाचायला वेळ घेते म्हणून सगळे पांगल्यावर वाचली.

अकरा नावं. कमळाकर वर. हसन सातवा, पूर्ण नाव, आडनावासकट. एकदाच घमेलं उचललेला तो चष्मेवाला, त्याचं पण आहे. शेवटी लिहिलंय, ‘व इतर’.

मला काय करायचंय नाव.

२० सप्टेंबर, मंगळवार

राजलक्ष्मी बाजारात भेटली. "मावशी, तुमचं खरं नाव काय? सगळे मावशीच म्हणतात, मला लिहिताना सुचलंच नाही." मी म्हणलं, आता काय, सुकला ना रंग. आणि कोथिंबीर घेतली.

२५ सप्टेंबर, रविवार

गेले नाही. पाय दुखतो.

२६ सप्टेंबर, सोमवार

पाय दुखत नाही.

२८ सप्टेंबर, बुधवार

काल दुपारपासून परतीचा पाऊस. गल्लीत गुडघाभर पाणी. मालक मार्केटमधून भिजून आले, कांदे सगळे वाया म्हणाले.

तिसरं वळण डोळ्यापुढं येतं सारखं.

२९ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी एकटीच वर गेले. जे वाटलं तेच. वरून वाट साफ, गुळगुळीत. पण वळणावर ताल पोटात फुगलीय. आतली माती वाहून गेली. वाकून हात घातला तर कोपरापर्यंत आत! माणूस चालला तर धरंल. सायकल जोरात वळली तर कडा बसणार.

बोरीची मोठी फांदी तोडली आणि वळणाच्या अलीकडं वाटेवर आडवी टाकली. बुंध्यावर धोंडा ठेवला, वाऱ्यानं जाऊ नये म्हणून. हाताला काटे लागले. काटी लावली म्हणजे वाट बंद. आमच्याकडं शेळीला पण कळतं.

कमळाकरला फोन करायचा तर वाण्याकडं जावं लागतं. नाही गेले. बघतील की. अकरा नावं आहेत, बावीस डोळे.

१ ऑक्टोबर, शनिवार

घरात साफसफाई. नळ मीच बांधला शेवटी, चिंधी लावून. उद्या जाणार नाही.

२ ऑक्टोबर, रविवार

नऊच्या सुमाराला राजलक्ष्मी धावत आली. चप्पल नव्हती पायात.

शर्यतीच्या आधी वाट बघायला म्हणून हसन एकटा पुढं गेला होता. तिसऱ्या वळणावर कडा सुटली. सायकलसकट खाली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, खांद्याचं हाड एक ठिकाणी. डोक्याला काही नाही. मागचे चाळीस वरच थांबले.

मी म्हणलं, काटी होती ना तिथं! ती म्हणाली, "कसली काटी?"

३ ऑक्टोबर, सोमवार

दवाखान्यात गेले. हसन औषधानं झोपलेला. हात वर टांगलाय. सकिना बाकावर होती. "डॉक्टर म्हणतात पाना धरता येईल की नाही, आता सांगता येत नाही." एवढंच बोलली. मी केळी ठेवली आणि आले.

उजवा हात. दुकान त्या हातावर आहे. दुसरं कोण नाही त्याला करणारं.

६ ऑक्टोबर, गुरुवार

पायथ्याला तारेचं कुंपण घालायला माणसं आलीत. साहेबाचा हुकूम.

९ ऑक्टोबर, रविवार

सगळे पायथ्याशी जमले. मी पण गेले. आधी कमळाकरलाच धरला. शनिवारी तूच होतास ना वर? म्हणाला हो, दुपारी चौघांनी वाट साफ केली, फांद्या, प्लास्टिक, सगळं पोत्यात भरलं. साहेब येणार म्हणून.

मी म्हणलं, काटी होती ती! मी लावलेली. वाट बंद होती. तू कचरा म्हणून उचललीस?

त्याचं तोंड पांढरं पडलं. "मावशी, फांद्या बऱ्याच होत्या. बोरीची होती का, मला आठवत नाही."

वर धोंडा ठेवला होता, तो पण कचरा? म्हणाला, "धोंडा... नाही आठवत. असेल. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता हो."

अर्थ माहीत नाही तर डोंगरात कशाला येता! फूटपट्टी घेऊन घरी बसा! हसनचा हात गेला, तुझ्यामुळं गेला. सगळ्यांसमोर म्हणाले. कुणी मधी पडलं नाही. कमळाकरनं गळ्यातली शिट्टी काढली, खिशात ठेवली आणि गेला. तसाच. रागावला नाही आजपण.

१४ ऑक्टोबर, दसरा

सानपाड्याहून येताना बघितलं. हसनचं दुकान बंद. दसऱ्याला सगळे सायकली धुऊन हार घालून घेतात, त्याच्याकडं रांग असते दरवर्षी. आज दोघंतिघं शटरपुढं उभे राहून परत गेले.

१५ ऑक्टोबर, शनिवार

मालक जेवताना म्हणाले, "एक विचारू? तू तर गळणारा नळ पण चार घरांत ओरडून सांगतीस. या वेळंला नुसती काटीच का लावलीस? फोन का नाही केलास?"

मी म्हणलं, भात घ्या.

१६ ऑक्टोबर, रविवार

पाटीवर नाव नव्हतं म्हणून.

२३ ऑक्टोबर, रविवार

कुंपणाच्या खालून शिरले. तिसऱ्या वळणाची पडलेली ताल उतरवायला घेतली. एकटीनं होत नाही. तळाचा दगड दोन माणसांचा आहे. सात दगड बाजूला काढले. वरून बघितलं तर कमळाकर खाली रस्त्यावर उभा. मला बघितलं त्यानं. हात पण नाही केला. स्टेशनकडं निघून गेला.

हाक मारली असती तर आला असता.

३० ऑक्टोबर, रविवार

राजलक्ष्मी गिरणीत भेटली, फराळाचं दळायला गेले तिथं. कमळाकर सायकल विकतोय म्हणाली. दर दोन दिवसांनी सकिनाकडं जातो, शटर उघडून देतो, दुकान झाडतो, परत लावतो. "मावशी, तो म्हणतो मीच केलं. जेवत पण नाही नीट."

मी म्हणलं, मग केलंच त्यानं. पण दळण विसरून घरी आले. परत जावं लागलं.

६ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. चकल्या मऊ पडल्या. कमळाकरकडं जावं का? जाऊन काय सांगू — तू काटी काढलीस ते खरं, पण मी तोंड बंद ठेवलं, ते रुसून ठेवलं? या वयात?

नाही गेले.

१३ नोव्हेंबर, रविवार

हसन आणि सकिना घरी आले. प्लास्टर निघालं. मूठ अर्धीच वळते. मी चहाचा कप त्याच्या डाव्या बाजूला ठेवला.

म्हणाला, "मावशी, कमळाकरभाईला काय बोलू नका आता. त्याच्या पोत्यात तुमची काटी नव्हती. ती मी काढली. शनिवारी सकाळी, कुणी यायच्या आधी."

मी म्हणलं, तू? तुझी भाताची खाचरं, तुला काटी म्हणजे काय ते ठाऊक नाही?

"ठाऊक हाय, मावशी. वाट बंद. म्हनून तर काढली. धोंडा उचलला, फांदी खाली भिरकावली, वळनाकडं बघितलं पन नाही. कुनाला सांगितलं पन नाही."

सकिना त्याच्याकडं बघत नव्हती.

"तुमी लावली ते नंतर कळलं. त्या दिवशी मला वाटलं, पाटीवर माझं नाव वाचून कुनीतरी लावलीय."