धुराच्या नळ्याची पट्टी

८-१-३८, शनि.
घाटात आज पुन्हा गाडी थांबवावी लागली. सुमतीबाईंना ओकारी झाली. बायांचा बाक पुढे, आणि धूर नेमका तिथल्याच फळ्यांतून वर येतो. इंजिनाला धुराचा नळा जिथे बसतो तिथली पट्टी नीट टेकत नाही. फटीतून सगळं बाहेर. आवाज असा की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येत नाही. दिवाळीपासून दर सोमवारी आणि शनिवारी मी त्यांच्यापासून दोन हातांवर, ड्रायव्हरशेजारी, स्वच्छ सदरा घालून बसतो. एक शब्द बोललो नाही. दोष आवाजाला देतो.
बाई खाली उतरून दगडावर बसल्या. मी पाण्याचा तांब्या दिला. चूळ भरून म्हणाल्या, "पुरे." एवढंच. घरी आल्यावरही तेच कानात.

१०-१, सोम.
सकाळी सुमतीबाईंचे वडील बुलढाण्याच्या स्टँडवर. कोर्टातले पेन्शनर कारकून, छत्री घेऊनच फिरतात. काकाला सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्या मोटारीनं पोर आजारी पडते. आता एकदा जरी डोकं धरून घरी आली तर मी तिचा राजीनामा पाठवून देतो. नाहीतरी नोकरीची हौस तिचीच."
बाई आठवडाभर मोताळ्याला मावशीकडे राहून मुलींच्या शाळेत शिकवतात. दुसऱ्या कंपनीची गाडी शाळा भरल्यावर पोचते. म्हणजे आमची मोटार, नाहीतर घर.
काका हसला. "बाईचं डोकं नाजूक, त्याले मोटार काय करंन?"
मी हातातला पाना जमिनीवर आपटला. करीम उस्ताद (गाडी तेच चालवतात) म्हणाले, "पान्यानं काय बिघडवलं छोटे मालक, त्याले काऊन मारता?"

११-१, मंगळ.
उस्तादांचा एकच उपाय. फटीत अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी भरायची आणि नट आवळायचे. भरली. आवळले. आवाज तसाच. मग मीच पान्याला नळी लावून, उभा राहून, सगळा जोर...
नट ज्यावर बसतो तो आट्यांचा खिळा, स्टड, तुटला. निम्मा आत राहिला.
काका : "तोडला ना बे? अमरावतीले हेच शिकवत होते काय? म्हणून परीक्षा टाकून आला?"
जेवलो नाही. काकूने दोनदा बोलावलं. नंतर भूक लागली, पण मग जायचं कसं.

१३-१, गुरु.
नळा काढला. काकूचा आरसा घेतला, न विचारता. त्यावर तेलात कालवलेली काजळी पसरली आणि पट्टी उलटी टेकवली. काजळी फक्त दोन्ही टोकांना लागली. मधला भाग कोरा. पट्टीच वाकलेली आहे, दोरीचा आणि नटांचा काय संबंध. इतके दिवस आम्ही टोकंच आवळत होतो.
उस्ताद बघून म्हणाले, "टेढी है. मंग? दुनियाच टेढी हाय."
काका म्हणतो नवीन नळा मुंबईहून येईल, उन्हाळ्यापर्यंत. तोवर जुनाच लाव. तुटक्या स्टडासकट लावला.
आरसा पुसून ठेवला तरी काकूला कळलं.

१५-१, शनि.
बाई आल्याच नाहीत. मोताळ्याच्या स्टँडवर त्यांच्या मावशीचा माणूस सांगायला उभा होता. घाटाची धास्ती घेतली, या रविवारी इथंच राहतात, पुढच्या शनिवारी येतील.
पुढचा शनिवार.
रिकाम्या बाकावर एक म्हातारी कोंबड्या घेऊन बसली. घाटात कोंबड्याही गप्प झाल्या. राजूरच्या वळणावर उस्ताद माझ्याकडे बघून हसले. त्यांना कळलं असावं. कळू दे.

१८-१, मंगळ.
उस्तादांच्या भाच्याची शादी. दोन दिवस गाडी उभी. कानस घेऊन बसलो. आधी तुटका स्टड. छिन्नीने हळूहळू टिचवत फिरवला. दुपारी निघाला, तेव्हा ओरडायला कोणी जवळ नव्हतं.
मग घासणं. घास, आरशावर टेकव, काळं लागेल तेवढंच घास. पुन्हा टेकव. राग आला की कानस एकीकडे खोल जाते, मग दुसरीकडे तेवढंच काढावं लागतं. आज तसं दोनदा झालं. एकदा काकाची आठवण झाली म्हणून. दुसऱ्यांदा त्या छत्रीची.

१९-१, बुध.
बोटांची सालपटं निघाली. चमच्याने जेवलो, काका बघत होता. दिवेलागणीला पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काजळी लागली. सारखी. आनंद व्हायला पाहिजे होता. नुसती झोप येत होती.

२०-१, गुरु.
नवा स्टड घालून नळा बसवला. मधून सुरुवात करून टोकांकडे, थोडं थोडं आवळत. गाडी सुरू केली, आणि उस्तादांना वाटलं बंद पडली. परत हँडल मारायला उतरत होते.
घाट उतरलो. चाकाखालची खडी ऐकू येते. मागची दोन माणसं कापसाच्या भावावरून भांडत होती ते सगळं ऐकू आलं. बाकावर वाकून वास घेतला, नुसता घामाचा आणि तेलाचा.
पण गाडी निम्मी रिकामी. राजूरला कोणी नाही, पुढच्या मळ्यांवरही कोणी नाही. परत येताना राजूरचा एक जण रस्त्यात आडवा झाला, डोक्यावर गाठोडं, तावातावानं.
"सकाळी गेली कवा तुमची गाडी?"
"रोजच्याच टाइमाले," उस्ताद म्हणाले.
"आमाले काय घड्याळ हाय? आमी वावरात राह्यतो. तुमची धडधड घाटात ऐकू आली का निंघतो. आज आवाजच नाही. मंग मागची दुसरी गाडी धरली."

२१-१, शुक्र.
आजही तेच. लोक वावरात, आम्ही रस्त्यानं चुपचाप निघून गेलो. संध्याकाळी काकाने कोठ्यात बोलावलं.
"नट ढिले कर."
म्हटलं, भोंगा वाजवत जाऊ.
"भोंगा सगळ्यायचाच वाजते. आपली कोनती हे लोकायले कसं समजंल? कर ढिले. एका बाईसाठी मी गाडी रिकामी पळवू काय?"
"तिच्यासाठी कोण म्हणतं?"
"मले काय डोळे नाहीत?"
भलतंच बोलणार होतो. तोंडातून निघालं ते वेगळंच. "मी ओरडतो. फूटबोर्डावर उभा राहून. दर मळ्यावर."
काका म्हणाला, "पाटलाचा पोरगा आरोया मारंल? क्लीनरासारखा?"
"मारतो."
"मंग मार. पन ज्या दिवशी गाडी रिकामी येईन, त्या दिवशी मी सोता पाना घेईन."

२२-१, शनि.
सकाळी ओरडत उतरलो. "चलाऽऽ मोताळा, मलकापूर." पहिल्यांदा आवाज फुटेना. राजूरच्या पोरी हसल्या. मग राग आला आणि रागात फुटला. मळ्यामळ्यातून लोक निघाले. मलकापूर येईतो गाडी भरली, माझा घसा गेला.
परतीला मोताळ्याला बाई चढल्या. पदर नाकाला आधीच लावलेला. मी बाहेर फूटबोर्डावर, सदरा तेलकट, जुनाच, तोंड धुळीनं माखलेलं. घाट चढताना गाडीच्या आरशातून बघितलं. अर्ध्या घाटात पदर खाली आला. त्या बाहेर बघत होत्या. शेजारच्या बाईशी बोलत होत्या, शाळेतल्या कुठल्या पोरीबद्दल, आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मला मधे बोलायला काही नव्हतं. असतं तरी घसा नव्हता.
बुलढाण्याला उतरताना उस्तादांना म्हणाल्या, "नवा क्लीनर ठेवला का? चांगला ओरडतो."
उस्ताद तोंड उघडणार, मी हातानं नको म्हटलं. काऊन म्हटलं कोण जाणे.
मग माझ्याकडे वळल्या. पिशवीतून ज्येष्ठमधाची काडी काढली. "भाऊ, हे चघळा. वर्गात ओरडून आमचाही बसतो. गरम पाणी प्या, ताक नको."
भाऊ.
वडील छत्री टेकून उभेच होते. "डोकं?"
"नाही दुखलं. धूर नव्हताच आज."
त्यांनी गाडीकडे बघितलं, इंजिनाकडे, माझ्याकडेही. "बघू," म्हणाले. बाप-लेक चालू लागले. डोकं दुखत नाही याचा वडिलांना आनंद झाला की पंचाईत, तोंडावरून समजलं नाही.

२३-१, रवि.
घसा थोडा सुटला. काडी निम्मी संपली. उस्ताद येऊन गेले. "बोलले काऊन नाही? मालकाचा पुतन्या हाय म्हटलं असतं तर काय गेलं असतं?" माझ्या हातून बाईंनी पहिल्यांदा काही घेतलं ते पाणी, आणि मला पहिल्यांदा काही दिलं ते क्लीनर समजून. बाकी एवढ्या स्वच्छ सदऱ्यांचं काय झालं.
काल घाटात नळा चांगला तापला होता म्हणून आज गार झाल्यावर नट पुन्हा एकदा आवळले. प्रत्येकी पाव फेरा, जास्त नाही. शेवटच्या नटापाशी केसाएवढी काळी रेघ आहे. घासतानाची राहिलेली काजळी असेल. किंवा नवीन धूर. फडक्याने पुसून टाकली. उद्या संध्याकाळी घाट चढून आल्यावर बघायचं.
काकूने विचारलं, सकाळसाठी धुतलेला सदरा काढू का. नको म्हटलं. मग म्हटलं, काढून ठेव.
सकाळी बाई स्टँडवर येतात की नाही, काही निरोप नाही.